कोरडी खंडेनवमी

आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रांना तेल लावत नाहीत. विळी, अडकित्ता, कात्री, अण्णांची कंपासपेटी, हल्ली माझा एक स्क्रूड्रायव्हरसुद्धा, असं सगळं पाटावर मांडायचं, कुंकवाचं बोट टेकवायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि नमस्कार करायचा. तेल नाही. माझी थोरली बहीण मालू हिची मुलगी नीलू बी.एड.साठी ग्वाल्हेरहून येऊन दोन वर्षं माझ्याकडे राहिली होती. तेव्हा तिनं विचारलं होतं, "मौसी, हमारे यहाँ तो आई इतना सारा तेल लगाती है. तुझ्याकडे का नाही?" मी तिला माझ्या आईचं उत्तर दिलं, "आजी म्हणायची, तेलानं धूळ धरते." नीलू हसली आणि कणीक मळायला गेली. मालू या वर्षी गेली. आता नवरात्र तोंडावर आलं आहे, आणि धुळीचं ते कारण खोटं आहे हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे.

आम्ही झाशीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. अण्णा वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत. ते साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेले. आई मात्र इथलीच. तिचं माहेर ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत. तिच्या पूर्वजांना इथं येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या, की तिच्या मराठीला बुंदेली हेल होता आणि त्यावरून अण्णा तिला छेडत. "तुझी मराठी ऐकून सातारकर तिकीट काढून परत जातील," असं ते म्हणत. त्यावर आई म्हणे, "जाऊ देत, इथं तेवढीच जागा होईल." सकाळी वर्कशॉपचा भोंगा झाला की अण्णांची सायकल निघायची, मग आमची कॉलेजची घाई. दुपारी शंटिंगच्या धक्क्यांनी फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. बाहेरून आलेला माणूस दचकायचा, आम्हाला ऐकूही यायचं नाही.

थंडी पडायला लागली की आई राळेचं मलम करायची. झाशीची थंडी कोरडी. टाचांना अशा भेगा पडत की चादरीचे धागे त्यात अडकत. शेजारच्या दुबेकाकींच्या गावाहून, टहरौलीहून, घाण्याचं तिळाचं तेल यायचं. आई ते लोखंडी कढईत कोमट करून त्यात कुटलेली राळ, झाडाचा वाळलेला चीक, सोडायची. पिवळट काचेचे तुकडे असावेत तशी ती राळ तेलात पडली की कडांनी मऊ व्हायची आणि बघता बघता दिसेनाशी व्हायची. मग ते तसराळ्यात ओतून पाण्यानं फेटायचं, पांढरं लोण्यासारखं होईपर्यंत. त्याला एक उग्र, गोडसर वास असे, देवळातल्या धुपासारखा आणि थोडा नव्या लाकडासारखा. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी पालथ्या पडायचो आणि आई आमच्या टाचांत ते मलम दाबून भरायची. मालूला गुदगुल्या फार. ती लाथ मारी, आणि आई तिच्या पोटरीवर चापट मारून म्हणे, "घोडी झालीस, आता सासरी कोण चोळणार?"

सासरचा विषय त्या वर्षी खरोखरच निघाला होता. ग्वाल्हेरचं स्थळ होतं, मुलगा बँकेत, माणसं चांगली. मालू बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला लग्न नको होतं, कारण तिला बंदूक सापडली होती. कॉलेजातल्या मुलींना छावणीतल्या नेमबाजीच्या क्लबात नेत असत. तिथं बहुतेकजणी हसत खिदळत दोन-चार छरे उडवून परत आल्या. मालू जात राहिली. क्लब एक निवृत्त मेजर चालवत. ते मोजकं बोलत, पण मालूचं लक्ष्याचं कार्ड हातात घेऊन एकदा म्हणाले, "इस लड़की की साँस रुकती नहीं, ठहरती है." हे वाक्य मालूनं घरी येऊन इतक्यांदा म्हणून दाखवलं, की अण्णा तिला 'ठहरती साँस' म्हणू लागले. दसऱ्याच्या सकाळी क्लबाचा सामना असे. त्यातल्या पहिल्या मुलीला लखनौच्या शिबिराला पाठवणार होते, आणि तिथून पुढं खूप काही होण्यासारखं होतं. अण्णांनी एका रात्री जेवताना, ताटाकडे बघतच सांगितलं, "पहिली आलीस तर लखनौला जा. ग्वाल्हेरला मी नकार कळवतो. नाही आलीस तर मार्गशीर्षात लग्न, आणि मग तोंड वाकडं करायचं नाही." मालू म्हणाली, "कबूल." आईनं मालूच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

क्लबाची छऱ्याची बंदूक सरावासाठी घरी आणू देत. तिच्यावर मेजरसाहेबांनी सदर बाजारातल्या एका दुकानातून आणलेली दुर्बीण बसवली होती आणि नेम धरायची मागची जुनी खाच काढून टाकली होती. दुर्बीण परदेशी होती, पण तिकडच्या स्वस्तातल्यांपैकी. भिंग बरं होतं. खोट होती ती बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या दोन कड्यांत. कड्या दुर्बिणीच्या नळीहून केसभर मोठ्या, आणि एक दुसरीशी सरळ रेषेत नाही. स्क्रू आवळले तरी त्यांचे आटे मऊ, फार पिळलं तर फिरतच राहायचे. शिवाय छऱ्याच्या बंदुकीतली स्प्रिंग सुटताना आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी हिसका देते. प्रत्येक हिसक्याला दुर्बीण कणभर सरके. मालूचे पहिले छरे एका ठिकाणी आणि पुढचे सांडलेल्या तांदळासारखे पसरलेले. तिला आधी वाटलं, आपलाच हात. मग तिनं दुर्बिणीला बोटानं ढोसून बघितलं आणि ती माझ्या हल्लीच्या दाढेसारखी हलली.

ती कसर काढायला आमचं अख्खं घर लागलं. आज इतक्या वर्षांनी ते दिवस आठवताना मला पहिल्यांदा आनंदच आठवतो आणि मग त्या आनंदाची लाज वाटते. अण्णांनी आधी नकाशाच्या मेणकापडाची पट्टी कडीत घातली. ती दोन दिवसांत दबून गेली. मग आईच्या पावडरीच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी केली. तीही पुरेना, कारण कडी आतून सगळीकडे टेकतच नव्हती. तेव्हा त्यांनी वर्कशॉपमधून नळीच्या जाडीची एक लोखंडी कांडी आणि मोटारीचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली. कांडी दोन्ही कड्यांत धरून रोज संध्याकाळी मालू ती मागेपुढे घाशी, आणि अण्णा शेजारी स्टुलावर बसून "हळू, हळू, चटणी वाटत नाहीयेस," म्हणत. कड्यांच्या आत राखाडी चकाकी यायला लागली आणि ती हळूहळू सगळीकडे सारखी पसरली. मग रॉकेलनं पुसून सगळं खडखडीत कोरडं केलं. "आता ह्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं," अण्णा म्हणाले, "चिकट नको, पण खरबरीत." आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "राळ चालेल का?"

चालली. आईनंच ती खलात कुटून वस्त्रगाळ केली आणि तळहातावर आणून दिली. मी कड्यांच्या आत ती बोटानं पसरली. मालूनं स्क्रू एकदा इकडचा, एकदा तिकडचा, असे थोडे थोडे आवळले. अण्णांनी स्क्रूंच्या डोक्यांवर पार्सलाच्या लाखेचे ठिपके दिले, आणि शेवटी आपली सर्वांत टोकदार पेन्सिल घेऊन कडीवरून नळीवर एक बारीक सरळ रेघ ओढली. "ही रेघ तुटली तर समजायचं सरकली," ते म्हणाले. पुढचे पंधरा दिवस मालू रोज छरे उडवून यायची आणि चपला काढायच्या आधी सांगायची, "रेघ शाबूत." मेजरसाहेबांनी तिची कार्डं एकावर एक धरून उजेडात बघितली आणि विचारलं, "किसने कसा?" मालू म्हणाली, "घर में सबने."

खंडेनवमीला बंदूक घरात होती. हे आईच्या दृष्टीनं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. तिच्या माहेरी पाटावर तलवार असे, खरी. तिच्या आजोबांच्या आजोबांची. लग्न होऊन आल्यापासून तिनं विळी आणि अडकित्ताच पुजला होता. कधी कधी ती हसून म्हणे, "आमच्या यजमानांचं शस्त्र म्हणजे खोडरबर." त्या दिवशी मालूनं बंदूक स्वतःच आणून तिच्या हातात दिली. "आई, मांड ना. उद्या सामना आहे, चांगला आशीर्वाद घेऊन दे." आणि ती न्हायला गेली. पुस्तकंही पूजेत असल्यामुळे मला वाचायची बंदी होती. मी अंगणात झेंडूच्या माळा ओवत बसले होते. आतून आईचं देवीचं पद ऐकू येत होतं, ती कधी एवढ्या मोठ्यानं म्हणत नसे. मी आत आले तेव्हा नंदादीपाच्या अगदी शेजारी, पाटावर, बंदूक लखलखत होती. आईनं तिला नव्या फडक्यानं टहरौलीचं तेल चोळलं होतं, माहेरी तलवारीला चोळत तसं, दस्त्यापासून टोकापर्यंत, आणि जिथं बोट पोचत नाही तिथं फुलवातीनं. मग वरून हळदकुंकू. अण्णा कामावरून लवकर आले, त्यांनी आरती केली. मालू ओल्या केसांनी टाळ्या वाजवत होती. मी निरांजन फिरवलं. आम्ही चौघांनी ती राळ एका तळहातावर पाहिली होती, आणि चौघांनीही ते तेल पाहिलं. कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. बंदूक फार सुंदर दिसत होती.

पूजेत मांडलेल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळी अक्षता टाकून हलवेपर्यंत हात लावायचा नाही, ही रीत. ती दिवसभर आणि रात्रभर दिव्याच्या उबेत तशीच राहिली. सकाळी मालूनं नमस्कार करून ती उचलली, वरवर पुसली, आणि आम्ही दोघी टांग्यानं छावणीत गेलो.

पहिले छरे बरोबर लागले. मी सतरंजीवर इतर मुलींच्या आयांबरोबर बसले होते, आणि दर छऱ्यानंतर क्लबाचा माणूस कार्ड बघून मान हलवी ते मला दिसत होतं. मग त्यानं मान हलवली नाही. पुन्हा हलवली नाही. मालूनं बंदूक खाली घेतली आणि दुर्बिणीशी डोळे नेले. नेम धरायला नाही, कडीकडे बघायला. रेघ तुटली होती. कडीवरचा तुकडा एकीकडे आणि नळीवरचा दुसरीकडे, मधे गव्हाच्या दाण्याएवढं अंतर. तिनं कडीच्या कडेला बोट लावलं, बोटाला बोट घासलं, नाकाशी नेलं. मग तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. एखाद्याच्या हातून आपल्या घरचं भांडं फुटावं आणि आधी त्याचाच चेहरा बघावा, तसं तिचं बघणं होतं. ओढणीच्या टोकानं तिनं कडी पुसली, जेवढं आवळता येईल तेवढं आवळलं, आणि उरलेले छरे अंदाजानं बाजूला नेम धरून मारले. ती तिसरी आली.

मेजरसाहेबांनी बंदूक हातात घेऊन दुर्बीण हलवून पाहिली. "बेटी, कल तक तो ये पत्थर थी. आज क्या हुआ?"

"मैंने ठीक से कसा नहीं होगा, साहब," मालू म्हणाली.

टांग्यात ती बराच वेळ रस्त्याकडे बघत होती. दसऱ्याची गर्दी होती, मुलं कागदी गदा घेऊन पळत होती. ओळखीचं वळण आल्यावर ती म्हणाली, "सुधे, घरी सांगायचं माझा हात हलला. तेलाचं नाव काढायचं नाही."

"अण्णांना तरी सांगू. ते पुन्हा विचार करतील."

"अण्णांना सांगितलं की आईला कळलं. मग ते विचार करतील आणि ती जन्मभर रडेल. नको."

आई दारात ओवाळायला उभी होती. मालूनं खाली वाकून तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "हात हलला गं. घाबरले." आईनं तिचा हात हातात घेऊन उलटा सुलटा करून पाहिला, लहानपणी काच लागली की बघायची तसा. अण्णांनी चष्मा पुसला. संध्याकाळी शेजारीपाजारी विडे आणि सोनं द्यायला आले, आणि मालूनं सगळ्यांना हसून सांगितलं की ती तिसरी आली. दुबेकाकी म्हणाल्या, "तीसरी भी कोई आई है का अपने मोहल्ले से?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कपडे धूत होती. मी दात घासत उभी होते. मालूची ओढणी तिनं पाण्यात बुडवली, साबण लावायला टोक हातात घेतलं आणि थांबली. ओल्या कापडावर एक पिवळट, चिकट डाग होता, त्यात कुंकवाची लाली. आईनं तो बोटांनी चोळला. मग नाकाशी नेला. तो वास तिला कुणी सांगायला नको होता; दर थंडीत तो तिच्याच हातांना यायचा. राळ तेलात गेली की काय होतं, हे आमच्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ती ते टोक धरून दगडावर बसून राहिली, नळ वाहत राहिला. मी तोंडातला फेस तसाच ठेवून आत निघून आले.

त्या थंडीत मलम झालं नाही. कुणी विचारलंही नाही. आमच्या टाचा फुटल्या तेव्हा अण्णांनी बाजारातून कसलीशी डबी आणली. मार्गशीर्षात मालूचं लग्न झालं. तिनं तोंड वाकडं केलं नाही. तिचा संसार वाईट झाला असं मी म्हणणार नाही. भाऊजी भले होते, मुलं गुणी निघाली. फक्त जत्रेत फुगे फोडायच्या दुकानाशी गेली की ती बंदूक खांद्याला लावण्याआधी अंगठ्यानं तिची नेम धरायची खाच हलवून बघायची, आणि बहुतेक वेळा न उडवताच परत ठेवायची. पुढच्या खंडेनवमीला आईनं पाटावर सगळं कोरडंच मांडलं. अण्णांनी विचारलं, "तेल?" आई म्हणाली, "तेलानं धूळ धरते." अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि आरती सुरू केली.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. माझ्या वेळी अण्णांनी स्थळांचा विषय काढलाच नाही. मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, कॉलेजात शिकवायला लागले, आणि घरात कुणी एका शब्दानं मोडता घातला नाही. लोक म्हणत, काय सुधारक बाप आहे. मला ठाऊक होतं की ते सुधारक नव्हते. मालूला घातलेली अट त्यांना टोचत होती आणि तिचं देणं ते मला देत होते. मी ते घेतलं. वाचलेलं प्रत्येक पुस्तक मी मालूच्या तिसऱ्या नंबरावर वाचलं. ती माहेरी आली की माझी पुस्तकं चाळून म्हणायची, "एवढं वाचून तुला चष्मा लागला, मला नाही लागला. कोण हुशार?"

आई फार थकल्यावर एका दुपारी, मी तिला पाणी पाजत असताना म्हणाली, "त्या सामन्यात मालूचं कशानं चुकलं, ते तिला कळलं होतं का गं?" मी ग्लास खाली ठेवला. "नाही आई. हात हलला तिचा." आई म्हणाली, "बरं." मालूला दिलेला शब्द मी पाळला होता, आणि त्या क्षणी मला तो योग्यही वाटला. नंतर मात्र वाटत राहिलं की आईला तो प्रश्न विचारायला इतकी वर्षं लागली, ती 'नाही' ऐकण्यासाठी खचितच नव्हती. लेकीला सगळं कळलं होतं आणि तरी तिनं पाया पडून दोष आपल्या हातावर घेतला, हे तिला कळायला हवं होतं. मी तिला एकटीला त्या तेलाशी ठेवून जाऊ दिलं.

या वर्षी मालू ग्वाल्हेरच्या दवाखान्यात होती तेव्हा मी तिच्याजवळ राहायला गेले. नीलू घरी गेली की आम्ही दोघीच. एका सकाळी ती म्हणाली, "सुधे, आईला तेलाचं कधी कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

ती छताकडे बघत राहिली. "नीलू तुझ्याकडून परत आली तेव्हा मला म्हणाली, मौसीकडे शस्त्रांना तेल लावत नाहीत. आजीच्या वेळेपासून."

मी चादर सरळ केली.

"आईला कळलं होतं, हे तेव्हापासून मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आई गेल्यावर कळलं, म्हणून काही उपयोग नाही. तुला का विचारलं सांगू? तू अजून सांभाळतेस का, ते बघत होते."

"आईनं मला विचारलं होतं. तुला कळलंय का म्हणून."

"मग?"

"नाही म्हटलं."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. मालूनं चादरीतून पाय बाहेर काढला. औषधांनी की काय, कातडी सुकून टाचेला भेगा पडल्या होत्या, लहानपणच्यासारख्या. "मीच सांगायला हवं होतं तिला," ती म्हणाली. "तुझ्या गळ्यात कशाला बांधलं कोण जाणे. हे बघ, किती फुटल्यात. राळेचं मलम करता येतं का गं तुला?"

मी ते कधीच केलं नव्हतं. नीलूच्या स्वयंपाकघरात कढई ठेवली, तिळाचं तेल कोमट केलं आणि राळ सोडली. ती विरघळायला किती थोडा वेळ लागतो हे मी विसरले होते. कडा मऊ झाल्या, आणि नाहीशी झाली. मी ते फेटलं, डबीत भरलं, दवाखान्यात नेलं आणि तिच्या पायथ्याशी बसून दोन्ही टाचांत दाबून भरलं. तिला अजून गुदगुल्या होत होत्या, पण लाथ मारण्याइतकी ताकद नव्हती. तिनं डोळे मिटून वास घेतला.

"आईचं थोडं पातळ असायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी त्यात आणखी तेल घातलं.